तात्पर्याच्या आधी

(रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या स्मरणार्थ नगर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टिळकांची ‘केवढें हें क्रौर्य!’ ही कविता महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. पाठ करणाऱ्यांपैकी अनेकांना कवी ख्रिस्ती होता हे ठाऊकही नसेल. रक्तबंबाळ झालेली एक पक्षीण पडत, उठत, वाट चुकत आपल्या ढोलीकडे येते, पिलांसाठी शेवटचा घास आणते आणि प्राण सोडते. गोष्ट एवढीच आहे. पण ती वाचताना दहा वर्षांचे पोर काही क्षण त्या पक्षिणीच्या अंगात शिरते. तिचे पंख जड झालेले त्याला आपल्या खांद्यात जाणवतात. शीर्षकातला उद्गार सोडला, तर कवी आधी आपल्याला तिच्याबरोबर उडायला लावतो. क्रौर्याचा विचार मागून येतो आणि म्हणूनच तो टिकतो. गलोल हातात घेतलेला एखादा मुलगा या कवितेनंतर थबकला असेल, तर ‘प्राण्यांवर दया करा’ हे वाक्य त्याला आठवले म्हणून नव्हे. त्याने ती ढोली पाहिली होती म्हणून.

टिळकांना मराठी वाचकांनी फुलामुलांचे कवी म्हटले. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी याच नगरमध्ये राहून लिहिले, शिकवले, कीर्तने केली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले ते इथेच. टिळकांची भजने आपण दर रविवारी उपासनेत गातो. पण मुलांना धर्म शिकवायला बसतो तेव्हा त्यांच्या त्या पक्षिणीकडून काहीच घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आजचे बोलणे त्यासाठी आहे. ख्रिस्ती शिक्षणात कल्पनाशक्तीचे स्थान काय, हा विषय मला दिला गेला. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते: दुसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहण्याची जी शक्ती माणसाला दिलेली आहे, तिचेच नाव कल्पनाशक्ती, आणि तिच्यावाचून शेजाऱ्यावर प्रीती करता येत नाही. ती धर्मशिक्षणाची सजावट नव्हे. ती नसेल तर बाकीचे शिक्षण मुलाच्या जिभेवरच राहते.

आपल्या शब्बाथ शाळेचे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. गीत, प्रार्थना, सुवर्णवचनाचे पाठांतर, मग गोष्ट, आणि गोष्ट संपता संपता शिक्षकांचा प्रश्न: यावरून आपण काय शिकलो? मुले एका सुरात उत्तर देतात. उत्तर बरोबर असते. वर्षाअखेर परीक्षा होते, नाताळात बक्षिसे वाटली जातात. मी स्वतः याच पद्धतीत वाढले आणि तिचा उपकार मानते. पाठांतराला कमी लेखणाऱ्यांशी माझे जमत नाही. सगळे विसरलेली म्हातारी माणसे खाटेवर पडल्या पडल्या तेविसावे स्तोत्र अडखळल्याशिवाय म्हणतात, तेव्हा लहानपणच्या पाठांतराने त्यांच्यासाठी काय राखून ठेवले होते ते कळते. माझी तक्रार पाठांतराविषयी नाही. ती तात्पर्याच्या घाईविषयी आहे. गोष्ट सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच आपण मुलाला तिच्यातून बाहेर ओढतो आणि त्याच्या हातात एक वाक्य ठेवतो. वाक्य हाती आल्यावर मुलाला गोष्टीची गरज उरत नाही.

येशूने असे शिकवले नाही. त्याने दाखले सांगितले, आणि बहुतेक दाखल्यांच्या शेवटी ऐकणारा अडचणीत सापडतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेऊ. तो आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की आपण तो ऐकतच नाही. ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या एका शास्त्र्याला हवी होती एक व्याख्या. आपल्या प्रीतीवर कोणाचा हक्क आहे, कोणाचा नाही, ही सीमा त्याला आखून हवी होती. येशूने त्याला सीमा दिली नाही, रस्ता दिला. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली अडीचशे मीटर. पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटर उतरणारा, उघड्या बोडक्या डोंगरांतला, वळणावळणाचा तो रस्ता. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत होता. कसारा किंवा खंबाटकीचा घाट म्हटल्यावर आपल्या मनात जसे वळण उभे राहते, तसे त्यांच्या मनात राहिले असेल. त्या वळणावर एक माणूस अर्धमेला पडला आहे. याजक येतो, लेवी येतो, आणि दोघे पलीकडून निघून जातात.

इथपर्यंत ऐकणारा शास्त्री कुठे उभा आहे? आपण मुलांना सांगतो, शोमरोन्यासारखे व्हा. पण शास्त्र्याला शोमरोनी होणे शक्यच नव्हते. शोमरोन्यांचा त्याला विटाळ होता. याजक आणि लेवी व्हायची त्याला लाज वाटली असेल. मग त्याच्यासाठी जागा उरली ती एकच, खाली धुळीत, जखमांसह. आता येणारा जो कोणी असेल त्याच्या हाताकडे डोळे लावून पडायचे. आणि येतो तो नेमका ज्याच्या हातचे पाणी चालत नाही असा माणूस. शेवटी येशू त्याचा प्रश्नच उलटा करून त्याच्याकडे परत देतो: जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, ते तूच सांग. शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो कसेबसे म्हणतो. ख्रिस्ती शिक्षणाचा सगळा कस मला या एका प्रसंगात दिसतो. त्या दिवशी शास्त्र्याला माहिती नवी मिळाली नाही. नियम त्याला आधीपासून तोंडपाठ होता. त्याला मिळाली एक जागा, जिथून तो पूर्वी कधी पाहत नव्हता.

नगर, जालना, औरंगाबाद या भागांतल्या आपल्या मंडळ्यांना हा दाखला निराळ्या रीतीने ऐकता यायला हवा. आपल्यातल्या बहुतेकांचे पणजे-आजे महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. रस्त्याच्या कडेला पडलेल्याची जागा त्यांना कल्पनेने भरून काढावी लागली नाही. ती त्यांची राहण्याची जागा होती. तरीही त्यांचीच नातवंडे आज पुस्तकातल्या चित्रातला गोरा, फेटा बांधलेला, गाढव हाकणारा शोमरोनी रंगवतात आणि त्याच्याकडे परका माणूस म्हणून बघतात. आजीला विचारा, विहिरीवर पाणी कोण घालत असे आणि कोण टाळून जात असे. ती जे सांगेल तो त्या दाखल्याचा भाष्यग्रंथ समजा.

हा दाखला असा आपल्या लोकांच्या वाटेवर आणणारा एक माणूस होता. 3 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या मेंफिस शहरात बोलायला उभे राहिले. तिथल्या कचरा उचलणाऱ्या कामगारांचा संप चालू होता. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी पाऊस चुकवायला कचऱ्याच्या गाडीत आडोशाला बसलेले दोन कामगार गाडीचे यंत्र सुरू होऊन चिरडले गेले होते. त्यानंतर तेराशे काळे कामगार कामावर गेले नाहीत. किंग यांनी त्या रात्री यरीहोच्या रस्त्याची गोष्ट काढली. आपण पत्नीबरोबर भाड्याच्या मोटारीने त्या रस्त्याने गेलो होतो, तो रस्ता दबा धरून बसायला किती सोयीचा आहे, हे त्यांनी सांगितले. मग ते याजक आणि लेवी यांच्या मनात शिरले. दरोडेखोर अजून आसपास असतील, कदाचित हा पडलेला माणूसच सोंग करत असेल, ही भीती त्यांनी त्या दोघांना उदारपणे देऊ केली. थांबलो तर माझे काय होईल, असे त्या दोघांनी स्वतःला विचारले, आणि शोमरोन्याने विचारले, मी थांबलो नाही तर याचे काय होईल. एवढे सांगून किंग थेट कचरा कामगारांवर आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा खून झाला. त्या सभेतल्या माणसांना शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा लहानपणापासून पाठ होती. किंग यांनी दोन हजार वर्षांपूर्वीचा एक रस्ता त्यांच्या गावातल्या कचऱ्याच्या गाडीपर्यंत आणून सोडला. हे काम तर्काने होत नाही.

कल्पना म्हणजे मनाचे मांडे, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून एक जुने उदाहरण देते, शिस्तीचे. पुढे येशू संघ स्थापणारा इग्नेशियस 1521 साली पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने पाय मोडून लोयोला इथल्या आपल्या घरी महिनोन्महिने पडून होता. त्याला शिलेदारी कादंबऱ्या हव्या होत्या. घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तो दिवसभर दिवास्वप्ने पाही. कधी एका सरदार घराण्यातल्या स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची, कधी संतांप्रमाणे अनवाणी यात्रा करण्याची. दोन्ही स्वप्ने चालू असताना गोड लागत. संपल्यावर मात्र पहिले मनाला कोरडे करून जाई, दुसरे आनंदात ठेवून जाई. या निरीक्षणातून पुढे त्याची ‘आध्यात्मिक साधना’ घडली. 1548 साली पोपने तिला मान्यता दिली. म्हणजे कल्पनेवर विश्वास टाकणारा हा माणूस तिची पारखही शिकवत होता: हे चित्र मनात उभे केल्यावर मागे काय उरते ते पाहा.

ख्रिस्तजन्मावर मनन करताना साधकाने काय करावे, याच्या त्याने दिलेल्या सूचना शब्बाथ शाळेच्या प्रत्येक शिक्षकाने वाचाव्यात. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता आधी नजरेसमोर आण. किती लांब, किती रुंद, सपाट की डोंगरदऱ्यांतून? गुहा केवढी, छत किती खाली, आत काय काय आहे? मग तिथली माणसे बघ: मरिया, योसेफ, एक दासी. ही दासी शुभवर्तमानात नाही, ती इग्नेशियसने ठेवली. आणि मग साधकाने स्वतः एक गरीब, अपात्र गडी होऊन त्या गुहेत त्यांच्या हाताखाली कामाला लागायचे. तात्पर्य नंतर; आधी पाणी आणायचे.

याच साधनेत तयार झालेला एक इंग्रज 1579 साली गोव्यात उतरला. फादर थॉमस स्टीफन्स. मराठी माणसाला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि मराठी भाषेचे त्यांनी केलेले कौतुक आपण अभिमानाने सांगतो. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मला त्या पुराणाच्या सुरुवातीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. रविवारी देवळात मुलांना धर्मशिक्षण दिले जात आहे. ते ऐकणारा एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीगुरूंपाशी येतो आणि म्हणतो, शिकवता ते चांगलेच आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे एखादे पुराण का देत नाही?

या प्रश्नात केवढे दुःख आहे, ते इतिहास बाजूला ठेवला तर कळणार नाही. 1567 साली साष्टीतली देवळे पाडली गेली होती. पोथ्या वाचायला बंदी होती. ज्या माणसांची संध्याकाळ पुराणश्रवणात जात असे त्यांच्या हाती आता प्रश्नोत्तरी होती. त्या जुलमाची जबाबदारी चर्चने नाकारू नये. मीही ती हलकी करू इच्छित नाही. पण त्या रित्या झालेल्या जागेत उभ्या असलेल्या माणसाने जे मागितले ते मला आपल्या सगळ्या धर्मशिक्षणाच्या समित्यांना ऐकवावेसे वाटते. सिद्धांत त्याला मिळाला होता. त्याला राहायला गोष्ट हवी होती. आणि स्टीफन्स यांनी ती मागणी खरी मानली. ओवी घेतली, श्रोता आणि गुरू यांचा संवाद घेतला, इथल्या निसर्गाच्या उपमा घेतल्या. ग्रंथ 1956 साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला. तरी आपल्या किती मंडळ्यांत तो मोठ्याने वाचला जातो? अभिमान बाळगण्याचा ग्रंथ होऊन बसणे हे त्या पुराणाचे नशीब होऊ नये. तो ऐकायचा ग्रंथ आहे.

इथे एका भीतीचे उत्तर द्यायला हवे. आपल्या पंथात, विशेषतः जुन्या मिशनांच्या परंपरेत, कल्पनेविषयी संशय आहे. मूर्ती करू नये ही आज्ञा आहे, आणि मनातली मूर्ती ही देखील मूर्तीच, असे प्रामाणिकपणे मानणारे लोक आहेत. मी त्यांची भीती टाकाऊ समजत नाही. बव्हेरियातल्या ओबरअमरगाऊ गावात 1634 पासून येशूच्या दुःखसहनाचे नाटक होत आले आहे, प्लेगमधून वाचल्याच्या नवसापोटी. हजारो माणसांनी ते पाहून अश्रू ढाळले. त्याच नाटकात यहूदी लोक पिढ्यानपिढ्या दुष्ट आणि रक्तपिपासू म्हणून रंगवले गेले. 1934 साली हिटलरने ते पाहिले, पुढे त्याची स्तुती केली. अलीकडच्या दशकांत गावाने संहिता बदलली, पण तोवर काय होऊन गेले ते आपल्याला माहीत आहे. ख्रिस्ताच्या जखमांवर रडवणारी कल्पना ख्रिस्ताच्याच लोकांविरुद्ध द्वेष पेरू शकते. आणि तिथे नेमके काय चुकले? प्रेक्षकाला सगळ्यांच्या अंगात शिरू दिले गेले, फक्त एका समूहाच्या अंगात नाही. आजही अफवा पसरते तेव्हा कल्पनाच कामाला लागलेली असते. फक्त जिच्यात शत्रूला चेहरा नसतो अशी. तिच्यावर उपाय कल्पना बंद करणे हा नव्हे. ती अर्ध्यावर सोडू नये, ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यापर्यंत पोचवावी.

गोव्यातल्या सांत इस्तेव गावच्या आंजेलो द फोन्सेका यांनी हे रंगांनी केले. 1902 चा जन्म. ते शांतिनिकेतनात शिकले आणि परत येऊन त्यांनी मरियेला लुगडे नेसवले. ती आपल्या अंगणात बसलेली आई झाली. स्वजनांकडून त्यांना इतका विरोध झाला की त्यांनी गोवा सोडले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंत, शेकडो चित्रे काढली. विरोध करणाऱ्यांना निळ्या झग्यातली, युरोपीय चेहऱ्याची मरिया कोणाची कल्पना वाटली नाही. ती त्यांना मूळ वाटली. ज्या चित्रावर आपली नजर स्थिरावली आहे ते चित्र नाहीच असे आपल्याला वाटते, हा माणसाच्या मनाचा स्वभाव आहे. म्हणून कल्पनेशिवाय शिकवतो असे म्हणणारा शिक्षकही मुलाच्या मनात एक चित्र ठेवतोच. फक्त ते दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात, दुसऱ्याच कारणासाठी काढलेले असते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने मात्र एके काळी ही शक्ती धैर्याने वापरली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. पण एक पंचविशीतला, नुकताच ख्रिस्ती झालेला तरुण विधवांच्या घराघरांत शिरतो, केशवपनाच्या, उपाशी राहण्याच्या, बोलणी खाण्याच्या गोष्टी त्यांच्या बाजूने ऐकवतो, हे केवढे धाडस आहे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. कायद्याने परवानगी दिली. विधवा म्हणजे कोणीतरी आहे, हे वाचकाच्या मनात भरवण्याचे काम कथेचे होते. कादंबरीत उपदेश बराच आहे आणि तो आज वाचवत नाही. जे वाचवते ते यमुनेचे पर्यटन, तिची ती वाट आणि वाटेत भेटलेल्या बाया.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल एवढेच म्हणते की ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या कुठेही थांबून धडा देत नाहीत. नवरा बाटला म्हणून वर्षानुवर्षे दूर राहणे, मग एकाच घरात आपले सोवळे वेगळे सांभाळणे, मग ते सोवळे हळूहळू सुटत जाणे, हे सगळे प्रसंगांतून येते. चूल कुठे होती, कोण पाणी भरत होते. माणूस बदलतो तो असा, स्वयंपाकघरातून.

आणि म्हणून आता मला रोजच्या जगण्याकडे यायचे आहे, तेही याच जिल्ह्यातल्या; पण वाट नाताळच्या गोठ्यावरून जाते.

1223 साली ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाणी, खरे गवत, खरा बैल आणि गाढव आणून ठेवले. बेथलेहेममध्ये बाळाची कशी अबाळ झाली ते त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. तिथून जगभर गोठे गेले, आपल्याकडेही आले. डिसेंबर लागला की आपली मुले पुठ्ठा, गवत, कापूस घेऊन बसतात. काही घरांत ताटलीत नाचणी पेरून हिरवळ करतात. तारा लागतो. फार सुंदर दिवस असतात ते.

त्याच दिवसांत आपल्या गावाच्या शिवारात आणखी काय उभे असते? ज्या जिल्ह्याने देशाला सहकारी साखर कारखाना दाखवला, त्या जिल्ह्यात नाताळ हा गाळपाच्या ऐन हंगामात येतो. बीडकडून, पाथर्डीकडून, आष्टीकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या कारखान्याच्या तळावर आणि फडाच्या कडेला पडलेल्या असतात. बांबू, चटई, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो; मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता चालतो. पहाटे अंधारात तोड सुरू होते. दिवस भरलेली बाई असली तरी मोळ्या बांधते, वाहते, आणि कित्येकींचे बाळंतपण कोपीतच होते.

आता इग्नेशियसचे प्रश्न घ्या. रस्ता किती लांब होता? छत किती खाली होते? आत काय काय होते? आपण पुठ्ठ्याच्या गोठ्याबद्दल हे प्रश्न विचारतो तेव्हा मुले कापसाचे बर्फ लावतात. दोन शेते ओलांडून गेले तर उत्तर समोर आहे. मरिया आणि योसेफ हेही सरकारी हुकुमाने घर सोडून निघालेले जोडपे होते, बाई दिवस भरलेली होती आणि गावात जागा नव्हती. मी कोणाच्या दारिद्र्याला पवित्र म्हणत नाही; तसे म्हणणे पाप ठरेल. कोपीतल्या बाईला आपल्या मनातल्या मरियेचे सोंग घ्यायला लावणे हाही तिच्यावरचा अन्यायच होईल. तिचे नाव आहे, तिचे गाव आहे, तिची मुले कोणत्या इयत्तेतून उठवून आणली आहेत हे तिला सांगता येते. ते विचारायला जाण्याइतकी ओढ ज्या गोठ्याने निर्माण झाली नाही, तो गोठा आपण कशासाठी बांधला? एखाद्या मंडळीने नाताळचा गोठा बांधण्याआधी शब्बाथ शाळेच्या मोठ्या मुलांना, त्यांच्या पालकांसह, तळावर न्यावे. देणगी वाटायला नव्हे, फोटो काढायला तर मुळीच नव्हे. बसायला, ऐकायला. मग परत येऊन गोठा करावा. मुले काय बांधतील ते मी सांगू शकत नाही, आणि ते आपण आधी ठरवूही नये.

मध्यस्थीच्या प्रार्थनेलाही हेच लागू आहे. दर रविवारी आपण आजाऱ्यांची, विधवांची, परदेशी गेलेल्यांची नावे घेतो. नावे भराभर पुढे जातात. एका नावापाशी अर्धे मिनिट थांबून, सरकारी दवाखान्याच्या कोणत्या बाकावर ते माणूस आत्ता बसले असेल, त्याच्या पिशवीत काय असेल, एवढे मनात आणले तरी दुपारच्या जेवणानंतर तुमचे पाय त्या दवाखान्याकडे वळतील. निदान माझा अनुभव असा आहे.

शिक्षकांसाठी थोडे व्यवहाराचे. रोममध्ये 1954 पासून सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि जान्ना गोब्बी या माँटेसोरी पद्धतीच्या शिक्षिका यांनी लहान मुलांसोबत काम सुरू केले. उत्तम मेंढपाळाचा दाखला, लाकडाची छोटी मेंढरे, एक वाडा, आणि भरपूर वेळ. त्यांच्या ध्यानात आले की सहा वर्षांखालचे मूल त्या दाखल्यातून ‘कसे वागावे’ हे घेत नाही. मेंढपाळ मला नावाने ओळखतो, एवढेच ते घेते, आणि तेवढ्यावर आनंदाने पुन्हा पुन्हा परत येते. वागण्याचा प्रश्न त्यांनी मोठ्या वयासाठी ठेवला. आधी प्रीती अनुभवू द्यायची, मग तिची मागणी. मला हे शास्त्रशुद्धही वाटते आणि शुभवर्तमानाला धरूनही.

माझ्या वर्गात एकदा हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगून झाल्यावर मेंढपाळाच्या घरच्या एका मुलाने विचारले, ती बाकीची नव्याण्णव कोणाच्या हवाली केली? वर्गातली मुले बोलू लागली. वाघर लावली असेल. कुत्री असतील. थोरला भाऊ असेल. मग त्याच मुलाने सांगितले की भेदरलेले मेंढरू आपणहून मागे येत नाही, ते बसून राहते, खांद्यावरच घ्यावे लागते, आणि मोठे मेंढरू फार जड असते. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ ते खांद्यावर घेतो. इतकी वर्षे मी ते वाक्य वाचत होते. त्या वजनाकडे मला त्या मुलाने नेले. त्या दिवशी फळ्यावर ‘आपण काय शिकलो’ लिहायला वेळ उरला नाही.

तेव्हा इथे जमलेल्या शिक्षकांपुढे एक प्रस्ताव ठेवते. येत्या जूनपासून वर्षाला पन्नास धडे उरकण्याऐवजी दहा-बारा दाखले घ्यावेत, एकेका दाखल्याला सगळा महिना द्यावा. सांगून झाल्यावर तीन मिनिटे कोणीही बोलू नये, शिक्षकानेही नाही. मग विचारावे असे, की ज्याचे उत्तर शिक्षकाच्या वहीत नाही. परीक्षेत याला गुण नसावेत. पालकांना हे पटवून द्यावे लागेल, कारण पाठांतराचे बक्षीस घरी नेता येते आणि हे नेता येत नाही. पण पालकही एकेकाळी ती पक्षीण वाचून गप्प झालेलेच आहेत, ते समजून घेतील.

पहिल्या महिन्यासाठी उधळ्या पुत्राचा दाखला घेऊ. पहिल्या रविवारी तो बापाच्या अंगणातून सांगावा, वाटेकडे डोळे लावून. दुसऱ्या रविवारी डुकरांच्या मागून, भुकेने. तिसऱ्या रविवारी शेतातून दिवसभर राबून येणाऱ्या थोरल्या भावाच्या बाजूने. आतून गाण्याबजावण्याचा आवाज येतो आणि तो दारात अडतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. चौथ्या रविवारी मुलांना त्या दारात उभे करावे आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे.